गेटवरचा 'अपघातमुक्त दिवस' बोर्ड शून्यावर येऊ नये म्हणून अपघात लपवतायत, सेफ्टी कमिटीत बोलू का?

रबाळे_बी_शिफ्ट
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगच्या कंपनीत आहे, नाव नाही सांगत, परमनंट आणि ठेकेदाराची माणसं मिळून तीनशेच्या आसपास. मला यावेळी कामगारांच्या बाजूने सेफ्टी कमिटीत घेतलंय, म्हणजे खरं तर कोणी तयार नव्हतं म्हणून नाव टाकलं, ते असो. प्रश्न असा आहे की आमच्या गेटवर मोठा डिजिटल बोर्ड आहे 'अपघातमुक्त दिवस' म्हणून, आकडा बराच वर गेलाय, आणि वर्ष पूर्ण झालं की प्रत्येकाला चांदीचं नाणं आणि गिफ्ट कूपन असं मोठ्या साहेबांनी जाहीर केलेलं आहे. आता झालं काय, गेल्या महिन्यात नाईटला ठेकेदाराच्या एका हेल्पर पोराचं बोट मोल्डमध्ये (साच्यात) सापडलं. तर्जनीचं टोक, नख गेलं आणि आतलं हाड पण फ्रॅक्चर आहे म्हणतात. त्याला घणसोलीला एका खाजगी दवाखान्यात नेलं, पैसे कंपनीने रोख भरले, आणि घरी बस म्हणून सांगितलं. घरी होता तेवढ्या सगळ्या दिवसांची त्याची हजेरी लागलीय. बोर्डवरचा आकडा रोज एकने वाढतोच आहे. आता पट्टी बांधून पॅकिंगला बसवलाय स्टुलावर.

मशीनचं गेट उघडं असताना मोल्ड बंद झालाच कसा तर लिमिट स्विच, म्हणजे गेट उघडं असलं की मशीन थांबवणारा, तो केबल टायने बांधलेला होता. हे सगळ्यांना माहिती आहे. एकाच मशीनला नाही, लाईनमध्ये अजून आहेत तसे.

पुढच्या आठवड्यात कमिटीची मीटिंग आहे आणि त्याची मिनिट्स आत्ताच टाईप होऊन आलीत, खोटं नाही सांगत, "या तिमाहीत एकही अपघात नाही, समितीने समाधान व्यक्त केले" असं. मी फक्त सही करायची. बोललो तर त्या पोराला ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल ही भीती, आणि दुसरं म्हणजे आपलीच माणसं चिडतील. एकाने तर तोंडावर सांगितलं की भाऊ नाण्याला चार महिने राहिलेत, आता कशाला. कायदा काय म्हणतो आणि बाकी कंपन्यांत हे कसं चालतं ते कोणी नीट सांगेल का. लेक्चर नको, काय करू ते सांगा.

तळोज्याचा_सेफ्टीवाला
दादा त्या कागदावर आहे तशी सही करू नका, एवढं आधी. बाकीचं सावकाश बोलू.

मी तळोज्याला केमिकलमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे, त्याआधी तुमच्याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात होतो. अपघात कळवायचा की नाही हे बोर्ड ठरवत नाही आणि हजेरी पण ठरवत नाही. फॅक्टरी ॲक्ट १९४८ चं कलम ८८ होतं, त्यात सरळ लिहिलेलं की इजा झाल्यावर माणूस ४८ तास किंवा जास्त काम करू शकला नाही तर कारखान्याने त्याची नोटीस द्यायची. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार कोड लागू झालेत, कलमांचे नंबर बदलले, पण ४८ तासांची गोष्ट तीच आहे. "काम करू शकला नाही" हे महत्त्वाचं, मस्टरवर 'पी' आहे की नाही हे नाही. उलट घरी बसलेल्या माणसाची हजेरी लावणं म्हणजे न कळवण्याच्या वर खोटं रेकॉर्ड, दोन गोष्टी झाल्या. ठेकेदाराचा माणूस आहे म्हणून आमचा संबंध नाही असं पण म्हणता येत नाही, कायद्यातल्या 'कामगार' या व्याख्येत ठेकेदारामार्फत लावलेला माणूस येतोच, आणि सुरक्षेची जबाबदारी कारखाना चालवणाऱ्यावर असते ज्याला ऑक्युपायर म्हणतात.

आता त्या बोर्डबद्दल. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. आकडा दाखवणं वाईट नाही, आकड्याला बक्षीस बांधणं वाईट. ज्या दिवशी चांदीचं नाणं जाहीर झालं त्या दिवसापासून तुमच्याकडे अपघात कमी होणार नव्हते, फक्त कळणं कमी होणार होतं. आणि ते लपवायचं काम साहेबाला करावं पण लागत नाही, शेजारचा ऑपरेटरच करतो, कारण त्याचं नाणं जातंय. तुम्हीच लिहिलंय ना आपली माणसं चिडतील म्हणून, तेच.

हाइनरिखचा त्रिकोण ट्रेनिंगमध्ये सगळ्यांनी बघितलेला असतो, १९३१ चा आहे, एका मोठ्या इजेमागे २९ छोट्या आणि ३०० बिनइजेच्या घटना. तो आकडा जशाच्या तसा धरू नका, त्यावर नंतर भरपूर टीका झालीये आणि बरोबर झालीये, कारण छोटे अपघात कमी केले म्हणून मोठा आपोआप टळतो असं नाही. पण तुमच्या केसमध्ये सरळ आहे, बांधलेला स्विच तोच, आज बोटाचं टोक गेलं, उद्या मनगट जाईल. तीच घटना आहे, फक्त हात किती आत होता तेवढाच फरक.

आमच्याकडे आम्ही बक्षीस आकड्यावरून काढून नियर मिसवर टाकलं. म्हणजे 'थोडक्यात वाचलो' असं जे काही घडलं ते लिहून द्या, महिन्याला बक्षीस. पहिल्यांदा काय झालं माहितीये का, कागदांचा ढीग आला. "पायरीवर पाणी होते, पुसले." "वायर लोंबत होती, वर टाकली." प्रत्येक डिपार्टमेंटला टारगेट दिलेलं त्यामुळे महिनाअखेरीला एकच माणूस बसून दहा लिहायचा. मग बदललं, नुसतं लिहिलं म्हणून नाही, ज्या कागदावर दुरुस्ती होऊन विषय बंद झाला त्यालाच बक्षीस, आणि बंद झालं हे लिहिणाऱ्यानेच सही करून सांगायचं, डिपार्टमेंट हेडने नाही. तेव्हा कुठे खऱ्या गोष्टी यायला लागल्या. ड्रमला अर्थिंगची क्लिप लावत नाहीत, रात्री स्क्रबर (बाहेर जाणारा वायू धुणारं यंत्र) बंद ठेवतात वगैरे. या गोष्टी ऑडिटमध्ये कधीच दिसत नाहीत कारण ऑडिट दिवसा असतं.

घोडबंदर_ट्रॅफिकग्रस्त
आमच्या वागळे इस्टेटच्या कंपनीत पण आहे असा बोर्ड, आकडा दिवाळीपासून तोच आहे कारण तो बदलणारा वॉचमन सोडून गेला 😂 सगळ्यात प्रामाणिक बोर्ड.

ईएसआय_वाली_ताई
सगळे कायद्यावर बोलतायत, त्या मुलाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी पंधरा-वीस ठेकेदारांचं पीएफ आणि ईएसआयचं (सरकारी कामगार विमा) काम बघते, ठाणे ते तुर्भे. हा प्रकार मी इतक्यांदा बघितलाय की आता राग पण येत नाही.

त्याचा पगार २१,००० च्या आत असणार म्हणजे ईएसआयमध्ये आहे किंवा असायला पाहिजे. आधी त्याचा आयपी नंबर, म्हणजे विम्याचा नंबर, आहे का बघा, पगारातून कापतात आणि नंबर दुसऱ्याच ठेक्यावर चालू असतो असं पण निघतं कधी कधी. कामावरची इजा असेल तर पहिल्या दिवसापासून कव्हर असतं, आजारपणाच्या रजेला जशी आधीच्या काँट्रिब्युशनच्या दिवसांची अट असते तशी इथे नसते. आणि फरक बघा, नुसतं आजारी म्हणून दाखवलं तर ७० टक्के आणि वर्षाला ९१ दिवसांची मर्यादा, कामावरची इजा म्हणून दाखवलं तर ९० टक्के, आणि डॉक्टर जोपर्यंत फिट देत नाही तोपर्यंत.

आता तुम्ही म्हणाल त्याला तर पूर्ण हजेरी मिळाली, म्हणजे १०० टक्के, मग नुकसान काय. त्या दिवसांचं काही नुकसान नाही, त्या दिवसांचे ९० टक्के परत मागता पण येणार नाहीत. नुकसान पुढचं आहे. बोट जर नीट वाकलं नाही, किंवा टोकाचं हाड काढावं लागलं, तर ते कायमचं अपंगत्व धरतात, मेडिकल बोर्ड टक्के ठरवतो आणि त्या टक्क्याप्रमाणे जन्मभर दर महिन्याला पैसे मिळतात. तर्जनीसाठी कायद्याच्या शेड्युलमध्ये आहे, हाड न जाता नुसतं टोक गेलं तर ५ टक्के, एक पेर गेलं तर ९, पूर्ण बोट १४. समजा रोज ६०० धरला, ९० टक्के म्हणजे ५४०, त्याचे ९ टक्के म्हणजे ४८ रुपये ६० पैसे रोज. महिन्याला साडेचौदाशे. तुमच्या साहेबांना किरकोळ वाटेल, पण तो पोरगा विशीतला असेल, चाळीस-पन्नास वर्षं मिळणारे पैसे आहेत ते. आणि हे सगळं कशावर अवलंबून, तर अपघाताची नोंद आहे की नाही यावर. मस्टरवर हजर, दवाखान्याचं बिल रोख, कंपनीच्या रजिस्टरला काही नाही, मग दोन वर्षांनी तो बोट घेऊन आला तर ब्रँच ऑफिस विचारणारच की हे घरी सुरी लागून झालं नाही कशावरून.

म्हणून त्याला आत्ता सांगा, खाजगी दवाखान्यातला एक्स-रे आणि कागद जपून ठेव. ईएसआयच्या डॉक्टरकडे जा, वाशीचं हॉस्पिटल जवळ पडेल, आणि केस पेपरवर 'कामावर मशीनमध्ये बोट सापडून' असं तारीख-वेळेसकट लिहून घे. डॉक्टर घाईत 'इंज्युरी टू फिंगर' एवढंच लिहितात, तेवढ्याने भागत नाही. कंपनीने अपघाताचा रिपोर्ट भरला नाही तरी त्याने स्वतः लेखी द्यावं, सुपरवायझरला व्हॉट्सॲप केलेला असेल तर तो मेसेज पण डिलीट करू नको म्हणावं. हे त्याने करायचंय, तुम्ही मीटिंगमध्ये काय बोलता त्याच्याशी याचा संबंध लावू नका. दोन वेगळे रस्ते ठेवा.

मॅनेजमेंट_पण_माणूसच
शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. महापेला प्रॉडक्शन बघतो. सगळं एका बाजूने चाललंय. पहिली गोष्ट, केबल टाय कोणी बांधला? साहेबाने केबिनमधून येऊन नाही बांधला, ऑपरेटरनेच बांधला ना. कायद्यात कामगाराची पण ड्युटी आहे, सुरक्षेच्या साधनाशी मुद्दाम छेडछाड करायची नाही. फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम १११ होतंच त्यासाठी. दुसरं, आमच्यासारख्यांना परदेशी कस्टमरचं ऑडिट असतं, लॉस्ट टाइम अपघात, म्हणजे ज्यात माणसाचं काम बुडलं असा, दिसला की पन्नास प्रश्न, रूट कॉज, करेक्टिव्ह ॲक्शन, कधी कधी ऑर्डर पण थांबते. ऑर्डर थांबली तर ठेकेदाराची माणसं पहिली कमी होतात, हे पण लिहा की कोणीतरी. तिसरं, कंपनीने दवाखान्याचा खर्च केला, पूर्ण हजेरी दिली, वाऱ्यावर नाही सोडलं. सगळीकडे एवढं पण होत नाही.

तळोज्याचा_सेफ्टीवाला
कस्टमरच्या ऑडिटचं खरं आहे, ते नाकारत नाही. पण ऑडिटर इतके भोळे नसतात साहेब. तीनशे माणसांचं मोल्डिंग शॉप, तीन शिफ्ट, आणि वर्षभर फर्स्ट एड रजिस्टरमध्ये दोन एन्ट्री, दोन्ही डोकेदुखीच्या? तो बघूनच समजतो. छोट्या एन्ट्री भरलेलं रजिस्टर आणि त्यासमोर काय केलं ते लिहिलेलं असेल तर उलट विश्वास बसतो.

कामगारानेच बांधला म्हणता ते कायद्याने बरोबर, कलम होतं, शिक्षा पण होती, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा शंभर रुपयांपर्यंत दंड. पण तोच कायदा ऑक्युपायरला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड म्हणत होता. कोणावर जास्त भार टाकलेला ते त्यातच कळतं. आणि रोज राऊंड मारणाऱ्या शिफ्ट इन्चार्जला तो टाय दिसत नव्हता असं तुम्ही पण म्हणणार नाही.

जुना_फिटर_कळवा
मी रिटायर होऊन झाली काही वर्षं. मोल्डिंग मशीनवरच आयुष्य गेलं, मेंटेनन्सला. तुम्ही लोक कलमं काढताय, मशीनकडे कोणी बघतच नाही म्हणून लिहितो.

ऑपरेटर टाय का बांधतो? आळशी म्हणून? नाही. सेमी-ऑटोवर प्रत्येक शॉटला, म्हणजे मशीनच्या प्रत्येक फेरीला, गेट उघडायचं, पीस काढायचा, गेट बंद करायचं, मग सायकल चालू. आता ते गेट खालच्या रोलरवर चालतं. रोलर झिजले, ट्रॅकमध्ये प्लास्टिकचा चुरा आणि तेल बसलं की गेट जड होतं, ओढायला जोर लागतो. शिफ्टला हजार-बाराशे वेळा ते जड गेट ओढून बघा मग सांगा खांद्याचं काय होतं. म्हणून माणूस बांधतो. वर टारगेट. २५ सेकंदांची सायकल २३ वर आणली तर आठ तासांत शंभरेक शॉट जास्त निघतात, हिशोब करून बघा. इन्चार्जला ते शंभर शॉट दिसतात आणि टाय दिसत नाही.

आणि एक टाय बांधून मोल्ड बंद व्हायलाच नको होता हे पण लक्षात घ्या. गेटला तीन संरक्षणं असतात. एक इलेक्ट्रिकचा लिमिट स्विच. दुसरा हायड्रोलिकचा व्हॉल्व्ह, गेट उघडलं की तो तेल अडवतो. तिसरा मेकॅनिकल, तो दांडा खाली पडतो आणि प्लेटनला (मोल्ड धरणाऱ्या सरकत्या प्लेटला) अडकतो, आम्ही त्याला सेफ्टी बारच म्हणायचो. म्हणजे लाईट गेली, व्हॉल्व्ह चिकटला तरी लोखंडाला लोखंड अडतं. आता या पोराचं बोट सापडलं म्हणजे तिन्ही गेलेले होते. हा जो बार आहे तो मोल्ड बदलला की मोल्डच्या जाडीप्रमाणे ॲडजस्ट करावा लागतो, नाहीतर एकतर अडकतो नाहीतर पोचतच नाही. मोल्ड चेंज रात्री घाईत होतो, कोण ॲडजस्ट करतंय, खोलून बाजूला ठेवतात. तुमच्या शॉपमध्ये जाऊन बघा, टूल रूमच्या कोपऱ्यात हे बार पडलेले सापडतील. पैज लावतो.

म्हणून मीटिंगला जाऊन अपघात लपवला अपघात लपवला ओरडू नका, सगळे साहेब अंगावर येतील. विचारा की मोल्ड चेंजच्या चेकलिस्टमध्ये सेफ्टी बार आहे का. आणि गेटचे रोलर शेवटचे कधी बदलले. रोलर काय, मशीनच्या मानाने फुटकळ किमतीचा भाग आहे. दाराची कडी नीट लागत नसेल तर माणूस दाराला दगड लावतो, त्याला ओरडून उपयोग नाही, कडी दुरुस्त करा.

खंडेनवमीला मशीनला झेंडूचा हार घालतात तो पण त्याच गेटला अडकवतात, ते वेगळंच.

ठेक्यावर_रोजंदारी
मी पण ठेकेदाराकडेच आहे तुर्भ्याला. एक सांगतो राग मानू नका. मीटिंगमध्ये त्या पोराचं नाव घेऊ नका. अख्ख्या कंपनीला माहिती असेल तरी कागदावर नाव आलं की ठेकेदार बोलावतो. आमच्यात एकाने शूज फाटले म्हणून तक्रार केली तर पुढच्या महिन्यात शूजचे पैसे पगारातून कापले सगळ्यांचे आणि वरून सांगितलं बघा याच्यामुळे.

आणि सेफ्टी वीकला आम्हाला शपथ घ्यायला उन्हात उभं करतात, रांगोळी स्पर्धा असते, हेल्मेटची रांगोळी काढली होती एका मॅडमनी फार सुंदर, पण हेल्मेट आम्हाला जुनेच मिळतात, परमनंटवाल्यांनी वापरून टाकलेले.

ईएसआय_वाली_ताई
@ठेक्यावर_रोजंदारी शूजचे पैसे कापणं चालत नाही हां. सुरक्षेसाठी द्यायच्या साधनांचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत हे फॅक्टरी ॲक्टमध्ये स्पष्ट होतं, नवीन कोडमध्ये पण आहे. सॅलरी स्लिपवर कशा नावाने कापलेत बघा, बहुतेक 'इतर' असेल. स्लिपच देत नसतील तर तो वेगळा विषय. आणि नवीन कोडप्रमाणे प्रत्येकाला नेमणूक पत्र द्यायचंय, ते तरी मागून घ्या, त्यावर काम काय लिहिलंय ते बघा. हेल्पर म्हणून भरती आणि काम मशीनवर, हे अपघात झाला की महागात पडतं.

आणि नाव घेऊ नका हा सल्ला बरोबर आहे.

डोंबिवलीकर_फेज_दोन
आमच्या इकडे मे २०१६ ला एक स्फोट झाला, मग मे २०२४ ला फेज २ मध्ये दुसरा. दोन्ही वेळी काचा आमच्या घरापर्यंत फुटल्या. त्यानंतर काही दिवस सगळीकडे ऑडिट, मॉक ड्रिल, गाड्या, फोटो. मोठं काही झालं की सगळे धावतात, बोटाचा अपघात मात्र कोणाच्या हिशोबातच नाही. एवढंच सांगायचं होतं, उत्तर नाहीये माझ्याकडे.

तळोज्याचा_सेफ्टीवाला
काकांनी सांगितलं ते सगळ्यात कामाचं आहे, मी कायद्यात अडकलो होतो.

रबाळेवाले दादा, आता मीटिंगसाठी. कमिटी ही नुसती चहा-बिस्किटाची नसते, धोकादायक प्रोसेसवाल्या कारखान्यांना फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम ४१-जी होतं, त्यात कामगार आणि मॅनेजमेंटची माणसं समसमान असायची अट. भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८७ ला हे आलं. तुमचं प्लास्टिक त्यात बसो न बसो, कमिटी बनवली आहे तर तुमचं मत मिनिट्समध्ये आलंच पाहिजे. आधीच टाईप केलेला कागद आला तर भांडू नका, "मी उपस्थित आहे, खालील मुद्दे मांडले" असं पेनाने खाली लिहा आणि मग सही करा. आणि सही केल्यावर मोबाईलमध्ये फोटो.

मुद्दे काकांचेच घ्या. किती मशीनवर तिन्ही संरक्षणं चालू आहेत ते मेंटेनन्सने तपासून लिहून द्यावं, मशीन नंबरसकट. टाय आज कापले तर उद्या परत बांधले जाणार, त्यामुळे रोलर बदलेपर्यंत त्या मशीनचं टारगेट कमी करा ही मागणी ठेवा, याला सगळ्यात जास्त विरोध होईल, आणि होऊ दे, कारण तिथेच खरी गोष्ट आहे. नाण्याचं तुम्ही स्वतः काढू नका. नाणी सगळ्यांना या दिवाळीला देऊन टाका आणि पुढच्या वर्षीपासून योजना दुसऱ्या गोष्टीवर ठेवा, असं कोणीतरी मॅनेजमेंटमधल्याने सुचवलं तर बरं. एचआरमध्ये ओळखीचं कोणी असेल तर आधी कानावर घाला.

अजून एक, बेलापूरला नॅशनल सेफ्टी कौन्सिलचं मुख्य ऑफिस आहे सेक्टर १५ ला, तुमच्यापासून जवळच. ४ मार्चला जो सुरक्षा दिन करतात तो यांच्याच स्थापनेचा दिवस, १९६६ चा. कमिटी मेंबरसाठी कोर्स असतात त्यांचे. कंपनीने पाठवावं म्हणून मीटिंगमध्ये मागा, ट्रेनिंगला नाही म्हणायला कोणाला जमत नाही.

मॅनेजमेंट_पण_माणूसच
टारगेट कमी करा म्हटलं की मीटिंग तिथेच संपेल, लिहून घ्या. त्यापेक्षा असं म्हणा की रोलर बदलायला प्रत्येक मशीन एकेका रविवारी दोन तास द्या. मोल्ड चेंजच्या वेळी मशीन बंदच असतं तेव्हा केलं तर उत्तमच, प्रॉडक्शनला वेगळा वेळ द्यावा लागत नाही. हे मी माझ्याकडे मान्य केलं असतं. काकांचा बारचा मुद्दा बरोबर आहे, उद्या मी पण जाऊन बघणार आहे कोपऱ्यात काय काय पडलंय.

रबाळे_बी_शिफ्ट
उशीर झाला लिहायला, डबल शिफ्ट चालू होती. सगळ्यांचे आभार, खरंच.

मीटिंग झाली. पेनाने लिहिलं खाली, प्लांट हेड बघत राहिले पण काही बोलले नाहीत. अपघाताचा शब्द काढला नाही, फक्त गेट, रोलर आणि सेफ्टी बार. महापेवाल्या साहेबांची आयडिया वापरली, मोल्ड चेंजच्या वेळी रोलर बदलायचे, ते लगेच मान्य. काका, बार सापडले. टूल रूममध्ये नाही, स्क्रॅपच्या पिंजऱ्यात. काही तर विकायला काढलेले.

टारगेट कमी करायचं म्हटल्यावर प्रॉडक्शन मॅनेजर हसले आणि 'बघू' म्हणाले, मिनिट्समध्ये 'विचाराधीन' असं आलंय. नाण्याबद्दल काहीच नाही, बोर्ड चालूच आहे, आज सकाळी पण एकने वाढला. पोरगा वाशीला जाऊन आला, ताईंनी सांगितलं तसं केस पेपरवर लिहून घेतलंय, ठेकेदाराला अजून माहिती नाही. आयपी नंबर निघाला पण जुन्या ठेकेदाराच्या नावावर दाखवतोय, ताई त्याचं काय करायचं?

आणि अजून एक भानगड. मीटिंगमध्ये मीच स्क्रॅप ग्राइंडरचा विषय काढला, कारण त्यात रनर (मोल्डिंगमधून उरलेली प्लास्टिकची काडी) अडकला की पोरं झाकण उघडून हात घालतात, मेन स्विच पलीकडच्या भिंतीला, कोणी पण चालू करू शकतो. आवाज तर इतका की बाजूला उभं राहून ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणजे आतल्याने थांब म्हटलं तरी कळणार नाही. तर मेन स्विचला कुलूप लावायचं ठरलं. आता किल्ली कोणाकडे यावरून भांडण. शिफ्ट इन्चार्ज म्हणतो माझ्या ड्रॉवरमध्ये राहील.

ईएसआय_वाली_ताई
जुना नंबर चालतो, नंबर माणसाचा असतो, ठेकेदाराचा नाही. फक्त नवीन ठेकेदाराने तोच नंबर स्वतःच्या कोडखाली जोडायला पाहिजे आणि काँट्रिब्युशन भरायला पाहिजे. अपघाताच्या महिन्याचं भरलंय का ते ऑनलाईन बघता येतं, त्याच्या मोबाईलवर ओटीपी येईल. नसेल भरलं तरी त्याचा हक्क जात नाही, पैसे ईएसआय मालकाकडून वसूल करते, पण कंपनीला सांगा, कारण मुख्य मालक म्हणून जबाबदारी शेवटी त्यांच्यावर येते. हे ऐकल्यावर ठेकेदाराला तेच फोन करतील बघा.

जुना_फिटर_कळवा
ड्रॉवरमध्ये नाही. ज्याचा हात ग्राइंडरमध्ये जाणार त्याच्या खिशात किल्ली, तोच लावणार तोच काढणार. दोघं आत असतील तर दोन कुलपं, त्यासाठी सहा भोकांचा पत्र्याचा हॅस्प (एका जागी अनेक कुलपं लावायची कडी) मिळतो, हार्डवेअरवाल्याला सेफ्टी हॅस्प म्हणून सांगा. डुप्लिकेट किल्ली इन्चार्जकडे ठेवली तर कुलूप लावून काही उपयोग नाही. शिफ्ट बदलताना काम अर्धवट राहिलं तर पहिल्याने आपलं काढायच्या आधी दुसऱ्याने आपलं लावायचं, मध्ये एक मिनिट पण उघडं ठेवायचं नाही. आणि कुलूप लावल्यावर एकदा स्टार्ट बटण दाबून बघा, जुन्या पॅनेलला कधी कधी दुसरीकडून पण सप्लाय असतो.

रबाळे_बी_शिफ्ट
दाबून बघितलं काका. चालू झाला. इलेक्ट्रिशियनला बोलावलंय.